चुकलेला धागा

९ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण काल पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरल्यापासून कंबर वाकेनाशी झाली आहे. तेव्हा नुसता हात जोडून नमस्कार, तेवढा गोड मानून घे. वहिनीलाही. हे पत्र तुझ्या काळ्या कोटाच्या खिशात घालून पाठवते आहे. कोटाचं शेवटी लिहिते, आधीच तो उलटापालटा करत बसू नकोस.

हो, बरोबर वाचलंस. समुद्रात उतरले. एकसष्टाव्या वर्षी. इथल्या डॉक्टरने कान, छाती, रक्तदाब सगळं तपासून सही दिली, मग चिंगीने दोन दिवस पोहायच्या तलावात माझी तयारी करून घेतली. माझ्या नंबरच्या काचा बसवलेला मुखवटा तिने आधीच मागवून ठेवला होता. नंबर तिने परस्पर आपल्या चष्मेवाल्याला फोन करून घेतला. त्याने तिला आणखी काय काय सांगितलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तू वाट कशाची बघतो आहेस ते मला कळतं. स्टेशनवर तू बजावलंस, "पोरीला घेऊनच ये. पाण्यातली हमाली पुरे झाली. सुई धरायचीसुद्धा विसरली असेल. लाँड्रीशेजारची तुझी रफूची खोली ती चालवणार असेल तर ठीक, नाहीतर मी दुसऱ्याला देतो." सांगते. जरा दम धर.

तिची खोली टाक्या भरायच्या शेडवर आहे. खाली दिवसभर कॉम्प्रेसर धडधडतो, गॅलरीतल्या दोरीवर रबराचे पोशाख पाणी गाळत लटकलेले असतात. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि भिंतीवर माशांचा तक्ता. मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच तिने विचारलं, "मामाने मला न्यायला पाठवलंय ना तुला?"

मी पडले तुझी बहीण. म्हटलं, "छे, बघायला आलेय."

"मग नीट बघ," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

बोटीवर आठ पाहुणे होते. त्यांत एक दाढीवाले छायाचित्रकार, हातात माझ्या शिलाई मशीनएवढा कॅमेरा. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. उतरण्याआधी ती सगळ्यांना समोर बसवून काय करायचं, काय नाही ते सांगते. मी मागे बसले होते, कमरेला शिशाचा पट्टा आणि जिवाचं पाणी पाणी झालेलं. शेवटी ती म्हणाली, "माझी आई रफू करते. लहानपणी मला शेजारी बसवून सांगायची, कापड बघत बसू नकोस, चुकलेला धागा बघ. खाली तेच करायचं. मोठे मासे कुणालाही दिसतात. तुम्ही प्रवाळाकडे बघा, आणि त्यात जे जरा वेगळं हलेल, ते शोधा."

छायाचित्रकार माझ्याकडे वळले. "हे आम्ही दरवेळी ऐकतो. म्हणजे त्या आई तुम्हीच?"

दादा, मी समोर आहे म्हणून नाही, ती हे रोज सांगते. मी नसतानाही सांगते. माझ्या हातातल्या मुखवट्याच्या काचेवर दोन थेंब पडले. तिने ते बोटाने सगळीकडे फिरवून टाकले. काचेवर वाफ धरू नये म्हणून इथे तशीही थुंकी चोळतातच.

उतरताना कानाला दडे बसतात, नाक दाबून फुंकर मारली की सुटतात. तोंडात नळी असते. तुझी बहीण अर्धा तास एक शब्द बोलली नाही असं वहिनीला सांग, तिला खरं वाटणार नाही. चिंगीने माझा हात सोडला नाही. आम्ही मायलेकी इतका वेळ न भांडता याआधी कधी एकत्र होतो, मला आठवत नाही.

प्रवाळ म्हणजे पोवळ्याचे मणी नव्हेत. जिवंत असतं ते. कुठे फांद्या, कुठे कोबीचे गड्डे, कुठे मऊ झुडपं, पाण्याबरोबर झुलणारी. पण खाली सगळं राखाडी निळं दिसलं आणि मी हिरमुसले. तिने विजेरी लावली मात्र, लाल, गुलाबी, केशरी, सगळे रंग जागच्या जागी हजर. धागा उन्हात जुळवावा, दिव्याखाली नाही, हे मी तिला किती वेळा सुनावलं असेल. इथे ती ऊन सोबत घेऊनच उतरते.

एका गुलाबी झुडपापाशी तिने मला थांबवलं आणि बोट दाखवलं, हात न लावता. खाली कशालाच हात लावायचा नाही, हा तिचा पहिला नियम. मला काही दिसेना. तिने भिंग काढून माझ्यासमोर धरलं, तरी नाही. मनात म्हटलं, झालं, इथेही मला दिसणार नाहीच. मग मी कापड बघायचं सोडलं.

आणि दिसला. कॉलरच्या बटणाएवढा खेकडा, पांढरा, गुलाबी, काटेरी, हुबेहूब त्या झुडपासारखा. वर आल्यावर तिने सांगितलं, तो त्याच झुडपाचे बारीक तुकडे खुडतो आणि आपल्या पाठीवर लावून घेतो. आपण कोटाच्या आतल्या शिवणीतला धागा काढून त्याच कोटाचं भोक भरतो, तसंच की.

ती असं एकेक पोहता पोहता टिपत होती. तांदळाएवढी कोळंबी, नखाएवढी रंगीत गोगलगाय. त्या आठांपैकी एकालाही तिच्याआधी काही सापडलं नाही. छायाचित्रकार दरवर्षी येतात ते फक्त तिच्यासाठी. तू जिला पाण्यातली हमाली म्हणतोस, ती ही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. पहिल्यांदाच.

आता कोट. तुझ्या मुलाच्या लग्नात ठिणगी उडून पडलेलं भोक. इतके महिने तुला सांगत होते, काम फार आहे, होईल. काम फार नव्हतं. काळ्यावर काळा धागा मला आता दिसत नाही. पांढरं, खाकी, चौकडीचं जमतं. काळं आलं की मी गिऱ्हाइकाला तारखा देत राहते. हे कुणालाच बोलले नव्हते, तुलाही नाही. इथलं ऊन तरी कडक असेल म्हणून कोट बॅगेत घालून आणला.

काल संध्याकाळी अंघोळ करून बाहेर आले तर चिंगी गॅलरीत बसलेली, कोट मांडीवर, आतल्या शिवणीतला धागा सुईत ओवलेला. "चष्मेवाल्याने सांगितलं मला," एवढंच म्हणाली. मी समोर बसले. चूक काढायचीच असं ठरवून बसले होते. एकही काढता आली नाही.

तू म्हणशील, एवढा हात आहे तर येऊन खोलीत बसू दे. खाली गेले नसते तर मीही हेच म्हणाले असते. दादा, माझ्याकडे जे होतं ते सगळं तिने घेतलं आहे, आणि ते घेऊन ती माझ्यापेक्षा फार मोठ्या कापडावर बसली आहे. तिला परत चल म्हणायला माझी जीभ वळली नाही, वळणारही नाही. खोली तू खुशाल दुसऱ्याला दे. माझा सुयांचा डबा तेवढा काढून ठेव, तो तिला द्यायचा आहे. मी महिनाअखेरीस येते आणि आधी डोळे दाखवते.

तरी तुझ्या शब्दाला मान म्हणून एक वाट मोकळी ठेवते. हातच्या काकणाला आरसा कशाला? कोट दुपारच्या उन्हात धर. भोक कुठे होतं ते तुला चांगलं माहीत आहे. सापडलं तर कळव, मी तिला घेऊन येते.

तुझी धाकटी बहीण,
इथल्या बोटीवर जिला ताईंची आई म्हणतात ती