दोनदा मेलेला शतानीक

३ जून
सोडलं कॉलेज! हजेरी घेताना सर म्हणाले, "शतानीक? की शतपावली?" वर्ग फिदीफिदी हसला. मी वही आपटली नि चालू पडलो.
आई म्हणाली, "एवढ्यासाठी?"
एवढ्यासाठीच! बाबा शिंपीकाम करतात, पण हे नाव त्यांनी महिनाभर पोथ्या धुंडाळून काढलंय.

१९ जून
नोकरी लागली. नावांचा कोश करणारं कार्यालय — पुराणातली, इतिहासातली माणसं, प्रत्येकाचं एक कार्ड. मी ती खणांत लावायची. नोंदी लिहिणारे आठ जण आतल्या खोलीत बसतात. त्यांत ती! चष्मा कपाळावर, आणि टेबलभर चष्मा शोधतेय. संपलो मी.

२ जुलै
संपादकांना म्हटलं, मला आत घ्या. "कॉलेज अर्धवट, आणि आत? आधी एक खरी चूक काढून दाखव, राजा!"
काढतोच.

११ जुलै
माझे चार नावबंधू निघाले! नकुलाचा मुलगा, विराटाचा भाऊ, जनमेजयाचा मुलगा आणि वत्सांचा राजा. छाती दोन इंच फुगली. बाबांना सांगितलं, तर तोंडात सुई धरूनच हसले.
पण खणात कार्डं तीनच! पाहतो तर पहिल्या दोघांचा एकच माणूस केलेला. हा गडी आधी द्रोणांच्या हातून मरतो, आणि पुढे छावणीत झोपेत पुन्हा मरतो! टाइप केलेलं कार्ड. लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी कोपऱ्यात ७. कुठला आकडा कुणाचा, हे फक्त संपादकांना ठाऊक.

१३ जुलै
जेवणाच्या सुट्टीत कार्ड सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. काय हशा पिकला! मी म्हटलं, "सात नंबरला नारळ द्या!" संपादकांनी कार्ड मागून घेतलं, दोनदा वाचलं. "चूक खरी आहे," म्हणाले.
जिन्यात ती भेटली. "एका चुकीला नारळ?"
"माझ्या नावाशी खेळ म्हणजे काय!"
"बरं," म्हणाली.
पहिल्यांदा बोलली माझ्याशी!!

१४ जुलै
बाबांनी माझ्यासाठी शर्ट बेतलाय. कॉलर ताठ हवी म्हणालो.

१६ जुलै
आत जागा मिळाली. तिची.
"काल राजीनामा देऊन गेली," संपादक म्हणाले. "बस. सात नंबर आता तुझा."