वायर अर्धवट बसली होती

नितेश,

नेट चालू झालंय. कॉम्प्युटरच बिघडलाय असं सांगून काल तो मोडेमवाला गेला, पण वायर कॉम्प्युटरच्या मागे अर्धवटच बसली होती. मी खट्ट आवाज येईपर्यंत दाबली, लगेच हिरवा दिवा लागला.

हेच मी काल सांगत होतो. तेव्हा तू म्हणालास, ‘बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं? गप बसा ना.’ चौतीस वर्षं घाटकोपरात घरोघरी वायरिंग केलं, त्यावरच तू इंजिनियर झालास.

मी वाकोल्याला तुझ्या आत्याकडे जातोय. गोळ्या बरोबर घेतल्यात. फोन करू नकोस, उचलणार नाही. परक्या माणसासमोर बोललास, आता तिकडे येऊन आत्यासमोर माफी माग.

बाबा