चौथ्याचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची मानवतला! उदगीर सोडताना अव्वानं डब्यात शेंगापोळ्या भरल्या, डोळ्याला पदर लावला आणि वर म्हणाली, महेश्वरी, तिथं शहाणपणा जरा कमी कर. आईच ती, लेकीची नस तिला ठाऊक. एसटीतून उतरले तर न्यायला मालक आश्रुबाकाका स्वतः हजर. साठीचे, ठेंगणे, धोतर-टोपीतले. टूरवाले म्हणून सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण बावीस वर्षं झाली, हे गृहस्थ इकडची माणसं जीपमध्ये घालून कोकणचा समुद्र दाखवून आणतात.

ऑफिस म्हणजे बसस्टँडमागची एक खोली आणि पुढं अंगण. खोलीतच पडद्यामागं माझी खाट आणि पेटी. अंगणात कडुलिंब, त्याच्या सावलीत जीप. भिंतीवर नारळ, होड्या, किल्ला. माझी खुर्ची नेमकी लाटांच्या मोठ्या फोटोखाली.

गंमत म्हणजे मी समुद्र अजून पाहिलेलाच नाही. सव्वीस वर्षांची घोडी झाले तरी! काकांना तसं सांगितलं तर म्हणाले, डिसेंबरात जीपमधी एक सीट तुझी. मला उड्या माराव्याशा वाटल्या. लिहून ठेवते, म्हणजे कुणी शब्द फिरवायला नको: या डिसेंबरात मी समुद्रात पाय बुडवणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम जमायला लागलं. माणूस समोर बसला की त्याला काय बघायचंय ते आधी विचारायचं नाही, गुडघे कसे आहेत ते विचारायचं. गुडघे दुखत असतील तर किल्ला बाद. उलटी होणारा असेल तर डॉल्फिन बघायची बोट बाद, त्याला खाडीतली संथ होडी द्यायची. दिवसाला एकच सहल, दोन कोंबल्या की तिसऱ्या दिवशी घरात भांडणं. प्रत्येक सहलीला तिकडचा गाइड ठरवायचा. आणि आपल्यासारख्या शाकाहारी मंडळींसाठी माशांच्या गावात वरण-भाकरी शोधायची, हे सगळ्यात अवघड!

काकांचा कारभार मात्र सगळा तोंडी. वहीत अर्धे रकाने कोरे. मला कोरा रकाना दिसला की भाताच्या घासात खडा आल्यासारखं होतं. दोन दिवसांत सगळ्या याद्या नीट करून टाकल्या. काका हसले, म्हणाले, लय टापटीप हाय पोरगी.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पोखर्णीच्या पार्वतीबाई आल्या, बरोबर मुलगा नागेश आणि सून माधवी. नरसिंहाला नवस होता, तो फिटला, आता देवानंतर समुद्र बघायचा म्हणाल्या. त्यांची अट ऐकून मला हसू आवरेना.

“आमाला समुद्र दावा, पण पाण्यात नेऊ नगा.”

मग तासभर घासाघीस, बोटीत पाय ओले होत नाहीत हे पटवलं. शेवटी बुधवारी सकाळी डॉल्फिनची बोट, गुरुवारी खाडी, शुक्रवारी किल्ला असं ठरलं. किल्ल्यावर पार्वतीबाई दरवाजाशीच बसतील.

माणसं तीन. तीन तिगाडा, काम बिगाडा हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिघं निघाले तर चौथा म्हणून दगड बरोबर घ्यायचा. आमच्याकडं लोक खिशात खडा टाकतात आणि विसरतात. काकांचं तसं नाही. लिंबाखाली एक काळा, गुळगुळीत दगड आहे, चांगला पायलीएवढा, अर्धा मातीत रुतलेला. त्याला हळदकुंकू लावून चौथ्या सीटवर बसवतात. यादीत त्याचा नंबर चौथा. बोटीत, किल्ल्यावर, जिथं म्हणून माणसं मोजायची तिथं चार मोजायचे. परत आला की त्याच खळग्यात ठेवायचा. काकांनी मला बजावून सांगितलं, चौघं गेले म्हंजी चौघंच आले पायजेत, अन् दगड जिथला तिथं.

दुपारी काका परभणीला गेले आणि मी बोटीचं बुकिंग करायला बसले. एरवी काका बोटवाल्याला फोनवरच सांगायचे, तीन माणसं अन् एक दगड. पण आता तिकडं ऑनलाइन फॉर्म झालाय. चौथ्या ओळीत मी ‘दगड’ लिहिलं, ओळ लाल झाली. वय शून्य लिहिलं, पुन्हा लाल. आधार नंबर हवा, फोटो हवा. पाचला बुकिंग बंद होणार होतं, आणि काकांचा फोन लागेना. मग मी माझंच नाव टाकलं. महेश्वरी, वय सव्वीस, माझा आधार, माझा फोटो. ओळ लगेच हिरवी झाली. कुठं बिघडतंय? डिसेंबरापर्यंत माझं नाव तरी समुद्रावर जाऊन येईल.

काकांना सांगितलं नाही. उगीच रागावतील.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहाटे जीप गेली. ड्रायव्हर हरिओम आठ वर्षं हाच रस्ता करतोय. काकांनी दगड उचलून मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि मोठ्यानं मोजलं. पार्वतीबाईंनी दगडालाही नमस्कार केला.

जीप वळली आणि माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. थंडीत फार वेळ उभी राहिले असणार. लिंबाखालचा खळगा उघडा दिसतोय. माती ओलसर आहे, कडा अगदी कोरल्यासारख्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अकराच्या सुमारास डॉल्फिनच्या बोटीवरच्या गाइडचा फोन आला. सहल छान झाली, डॉल्फिन दिसले, म्हातारीनं हात जोडले. मग म्हणाला, तुमच्यातल्या चौथ्या मॅडम काहीच बोलत नाहीत, नुसता पाण्यात हात घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, चौथ्या मॅडम कोण? तो म्हणाला, यादीत आहेत की, फोटो जुळवूनच बसवलं.

मला वाटलं, चेष्टा. गाइड लोकांना दुसरं काम काय!

पाय मात्र अजून जड आहेत. गुडघ्यापर्यंत गार. मोज्यांवर मोजे घातले, तरी गार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नागेशनं खाडीवरून फोटो पाठवला. होडीत पार्वतीबाई, माधवी, नागेश. आणि टोकाला चौथी बाई. पाठमोरी. अंगात माझा जांभळा ड्रेस, पाठीवर माझ्यासारखीच वेणी. पाय पाण्यात सोडलेले.

खोटं कशाला लिहू, भीती वाटायच्या आधी मला राग आला. माझा समुद्र तो. मी अजून पाहिलेला नाही.

नंतर पेटी उघडली. जांभळा ड्रेस घडी घालून जागेवरच होता. हातात घेतला तर ओला. नाकाशी नेला, खारट वास आला. तेव्हा मात्र तो तसाच पेटीत टाकून झाकण लावलं.

काकांना सांगायला हवं. ते बाहेर पानवाल्याशी बोलत होते. जेवल्यावर सांगू म्हटलं. जेवल्यावर गिऱ्हाईक आलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हरिओमला फोन केला. विचारलं, दगड कुठंय? म्हणाला, कंचा दगड? मी ओरडले, चौथ्या सीटवरचा! त्यानं मागं वळून बघितलं असावं. मग हळूच म्हणाला, “मॅडम, तिथं तर तुमीच बसल्यात की. मग ह्यो फोन कोण करायलंय?”

आणि फोन ठेवला. पुन्हा लागला नाही.

अव्वाला केला. अव्वा इतकी आनंदात! म्हणाली, सकाळीच किल्ल्यावरून बोललीस की, मागं लाटा ऐकू आल्या, पोरी तुझा आवाज किती मोकळा झालाय. मी म्हटलं, अव्वा, ती मी नाही. मी मानवतला आहे, खुर्चीत बसलेय. अव्वा हॅलो हॅलो करत राहिली. म्हणाली, काहीच ऐकू येईना, नुसता वारा.

आता नाही थांबायचं. काका आले की सांगते.

१४, संध्याकाळ

सांगितलं. सगळं सांगितलं. फॉर्म, नाव, फोटो. रडले. काका टेबल पुसत होते. माझ्या कोपराभोवतून फडकं फिरवलं, जसं फुलदाणीभोवतून फिरवतात. मग पंखा लावला. कागद उडायला लागले. काकांनी गठ्ठा उचलला आणि माझ्या हाताखाली सारला. हात नीट दाबला.

कागद उडेनात.

मग कुलूप लावून गेले.

१५ नोव्हेंबर

उठता येत नाही. कंबरेपर्यंत काही कळत नाही. तहान नाही, भूक नाही. ते जास्त वाईट वाटतं.

नवं गिऱ्हाईक आलं होतं. चारठाण्याचे नवराबायको. काकांना म्हणाले, मॅडम कुठंयत? काका म्हणाले, ती गेलीय की समुद्राला, पार्टीसंगट. लय हौस होती तिला. उद्या येईल.

मी इथंच होते. बाईनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

शहाणपणा कमी कर म्हणाली होती. अव्वा. एक रकाना कोरा राहिला असता तर काय —

बोटं चालतात अजून. दोन. तीन.

१६

खिडकीतून खळगा दिसतो. काकांनी आज त्यात पाणी शिंपडलं. झाडून घेतलं. हळदकुंकवाची वाटी काढून ठेवलीय.

माझं नाव महेश्वरी. आईचं चन्नबसम्मा. गाव उदगीर. लिहून ठेवते. कुणी वाचलं तर —

हॉर्न. जीप.

पार्वतीबाई उतरल्या. नागेश. माधवी.

मी उतरले.

ती. उन्हानं रापलीय. चपलेत वाळू. हसतेय, माझ्यासारखीच, वरचे दात दाखवून. काकांच्या पाया पडली. काकांनी डोक्यावर हात ठेवला. हरिओम तिच्याकडं बघत नाही. हरिओम, बोल ना रे. बोल —

काका मोजतायत. एक. दोन. तीन. चार.

चौघं गेले, चौघं आले.

आता विचारतायत, अन् आपला दगड कुठंय गं?

ती खिडकीकडं बघतेय. बोट दाखवतेय. आत आहे म्हणते, काका. खुर्चीवर.

काका, नाव बघा. यादी बघा. माझं —

आत आले. बाह्या मागं सारतायत. दोन्ही हात खाली घालून — जपून हं काका, म्हणते ती, जड आहे — जिथला तिथंच ठे