शाई नसलेलं बोट

मंगळवार संध्याकाळ, पिस्कॅटवे

अमेरिकन नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मतदान आज झालं. प्रायमरी. म्हणजे पक्षाने आपला उमेदवार ठरवायचा. पण विद्यमान राष्ट्राध्यक्षच उभे, मग ठरायचं काय उरलंय? अमित सकाळीच म्हणाला, "अगं, निकाल लागल्यात जमा आहे. कशाला ऑफिसमधून धावत जातेस?"

तरी गेले. शाळेच्या जिममध्ये मी एकटीच मतदार, आणि मतदानाच्या कामाला पहाटेपासून बसलेली चार म्हातारी माणसं. मशीनवर दोन नावं. वर राष्ट्राध्यक्ष, खाली कुणीतरी, ज्याचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण दोघांची अक्षरं अगदी एका मापाची! एवढा ताकदवान माणूस, आणि त्याला कणभरही जास्त जागा नाही. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मत कुणाला दिलं ते इथेही लिहिणार नाही.

निघताना सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलामागच्या आजी गोंधळल्या. "आमच्याकडे शाई लावतात," मी म्हटलं. त्या हसल्या आणि 'मी मतदान केलं' असं लिहिलेला स्टिकर त्या बोटावरच चिकटवला.

'आमच्याकडे' का म्हणाले मी? तिथलं मत तर जुन्या पासपोर्टबरोबर सोडून दिलं ना?

आता कणीक मळायची आहे. स्टिकर काढला. खाली बोट कोरं. धुऊन जाईल असं त्यावर काहीच नाही, तरी ते नळाखाली धरवत नाहीये.