घटापुढचा पाट

भनपुरी, रायपूर
१४ सप्टेंबर २००६

ती. दादास पद्मिनीचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? एकाच शहरात, भनपुरीहून पुरानी बस्तीत पत्र टाकते म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे?

परवा म्हणालास, "नवरात्रात आईले घ्यायले येतो. पूर्ण पारा-मोहल्ला विचारून राहिला, देवी कधी येते."

आईला मी पाठवणार नाही. घटापुढे तिचा पाट मांडू नकोस.

देवी-बिवी काही नव्हती, दादा. आईसारखी मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते, घाम फुटतो, अंग थरथरतं, माणूस भान नसल्यासारखं बोलतं. डॉक्टरांनी हे तुझ्यासमोर सांगितलं. पण तुझी बदली रुकली होती ना, मग डॉक्टर कोण लागून गेला!

गेल्या नवरात्रात अष्टमीला आरतीत आई कापायला लागली. लुगडं घामानं ओलं झालं होतं. शेजारच्या अंजनाबाई ओरडल्या, "अवं, देवी आली! पाट मांडा!" तुम्ही तिला बसवलं, मळवट भरला आणि रांग लावली. पहिला नंबर तुझा. "माही बदली रुकते का?" ती म्हणाली, "हव." गल्लीतल्या नत्थूनं विचारलं, "म्हैस सापडते का?" त्यालाही तोच होकार, हव. नत्थूची म्हैस अजून सापडलेली नाही, पण तिचं नाव कोणी काढत नाही.

मग आई पाटावरून कलंडली ती तिसऱ्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आली. तेव्हापासून पोळी ताटात असते आणि ती विचारते, जेवण कधी. मला अंजनाबाई म्हणते. तुझं नाव मात्र एकदाही चुकत नाही. "निरंजन जेवला का?" हे रोजचं. मी भरवते आणि ती तुझी चौकशी करते. राग येतो मला. येतोच.

आणखी एक. त्या दिवशीच्या गोळीवरून तू वहिनीला वर्षभर बोल लावलास आणि मी ऐकत राहिले. गोळी वहिनीनं दिली नव्हती. मी दिली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, उपास असेल तर आधी मला विचारा, आणि थरथर सुटली तर पहिल्यांदा तोंडात साखर घाला. मी विचारलं नाही. पेलाभर दुधावर भागेल असं मलाच वाटलं.

आई कापायला लागली तेव्हा मला कळलं होतं. प्रसादाची खडीसाखर माझ्या मुठीत होती. दोन पावलं पुढे जायचं होतं फक्त. पण तिनं तुला हव म्हटलं आणि मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर विचारलं, "आई, दादावर केली तेवढी माया माह्यावर केली का वं?"

ती म्हणाली, "हव."

चाळीस वर्षांत हा एकच शब्द मला मिळाला. तो खरा मानायचा तर ती देवी होती असं मानावं लागेल. म्हणून तुझ्याइतकीच मीही अडकले आहे. पण पाट पुन्हा मांडला तर मी परत रांगेत उभी राहीन, दादा. माझा भरवसा नाही. म्हणून आई इथेच राहील.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव. तिची क्षमा मागायला मी येईन.

मुठीतली साखर मुठीतच ठेवणारी,
तुझी बहीण
पद्मिनी