काकूंना न पेललेलं झाकण

मंगळवार, संध्याकाळ

वरळीच्या काकूंच्या गच्चीतल्या हॉट टबचं झाकण आज बदललं. खाऱ्या हवेनं जुन्याची शिवण कुजली होती, आतला फोम पाणी पिऊन जड झाला होता. मी शिवलेलं नवं अगदी चपखल बसलं. मी खूश.

काकू म्हणाल्या, "छान झालंय गं, पण मला उचलवत नाही. हे होते तेव्हा हेच उघडायचे."

म्हणजे काका गेल्यापासून, दुखऱ्या गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक हवा असूनही, त्या टबात उतरल्याच नाहीत. मी टबाचं माप घेतलं, पण उचलणार कोण, हे का नाही विचारलं?

दुपारी झाकण चिंचपोकळीला माझ्या कारखान्यात नेऊन त्याचे चार हलके भाग केले, परत नेऊन बसवले. काकूंनी एकटीनं उघडलं. मी निघाले तेव्हा त्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"जाताना दार ओढून घे गं," म्हणाल्या, "मी काही आता उठत नाही."