वरच्या खोलीतली खडखड

दि. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाडेकरू निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलंस खरं, पण मला घरात कोणी भाजीसुद्धा निवडायला देत नाही. वरच्या खोलीसाठी तिघं आले. पहिला कारकून. इतका हळू बोलतो की मीही कुजबुजायला लागलो. दुसऱ्याने खोली सोडून गच्चीवर किती माणसं मावतील ते विचारलं. त्याला वाटेला लावलं. तिसऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई, एकट्याच, पायमशीन घेऊन येणार. शांत माणूस हवा हा तुझा हुकूम, तेव्हा कारकूनच ठरवतो. खोली रिकामी झाल्यापासून आई झोपत नाही, उठून उठून कडी बघते. गल्लीत एक घड्याळवाला आहे, त्याची गंमत लिहायची राहिली.

तुझा,
भटक्या

दि. ८

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

कारकूनच घे. आईला ऐकू येत नसलं तरी मशीनचे हादरे तिला सोसायचे नाहीत. या महिन्यात नीट माणूस मिळाला नाही, तर मी तिला इकडे आणणार. घर सोडायचं नाव काढलं की ती जेवत नाही, ठाऊक आहे मला. पण तू पुन्हा भटकायला निघालास की तिला एकटी कशी ठेवू? आणि घड्याळवाल्याकडे ठाण मांडू नकोस!

तुझी काळजीवाहू,
ताई

दि. १३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठाण मांडलंच. त्यात कारकून आणि शिवणकामवाल्या बाई, दोघांना एकाच सकाळी बोलावून बसलो होतो. परतलो तर घर खडखडतंय. बाईंनी जमीन पेलते का बघायला मशीन वर चढवून चालवली होती. कारकून दारात कानांत बोटं घालून उभा. आई घाबरली असेल म्हणून आत धावलो, तर ती भिंतीला तळहात टेकून हसत होती. म्हणाली, ऐकू येत नाही रे, पण वर माणूस आहे हे हाताला कळतं. तुझा तो कारकून वर असला काय, नसला काय, मला सारखंच.

कारकुनाची माफी मागायला गेलो, तोवर तो कोपऱ्यापर्यंत पोचलाही. बाईंच्या जुन्या घरमालकिणीकडे चौकशी केली. अशी बाई सोडू नका म्हणाली. गवंड्याने तुळया ठोकून बघितल्या, शाबूत आहेत.

काल मशीन चालू असतानाच आईचा डोळा लागला. आज उन्हं वर आली तरी उठेना, मलाच हलवून उठवावं लागलं.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
भटक्या